जनगणना-अनुसूचींवरून वंशशोध (अमेरिकेची दक्षिणी राज्ये)

अमेरिकेच्या संघीय जनगणनेत घरोघरी फिरून भरलेल्या मूळ तक्त्यांवरून, म्हणजे अनुसूचींवरून, एखाद्या घराण्याच्या पिढ्या मागे लावत जाण्याची पद्धत. व्हर्जिनिया, उत्तर व दक्षिण कॅरोलायना, जॉर्जिया, टेनेसी, केंटकी, ॲलाबॅमा, मिसिसिपी, लुइझिॲना, आर्कान्सॉ, फ्लॉरिडा आणि टेक्सस या राज्यांत ही पद्धत उत्तरेकडच्या राज्यांहून बरीच वेगळी चालवावी लागते. न्यू इंग्लंडमध्ये गावोगावच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्या सतराव्या शतकापासून मिळतात. दक्षिणेत राज्यपातळीवरची सक्तीची जन्म-मृत्यू नोंदणी बहुतेक ठिकाणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सुरू झाली. अनेक काउंट्यांची (राज्यांतर्गत जिल्ह्यांची) न्यायालये यादवी युद्धात किंवा पुढे आगीत जळाली आणि त्यांबरोबर मृत्युपत्रे व खरेदीखतेही गेली. त्यामुळे दक्षिणेतल्या वंशशोधकाला जनगणनेवर फार मोठा भार टाकावा लागतो. हा भार तिला कितपत पेलतो, हे प्रत्येक दशकाच्या अनुसूचीत कोणते रकाने होते आणि त्यांत कोणाचे नाव लिहायचे ठरले होते, यावर अवलंबून असते.

प्रतिनिधिगृहातील जागांच्या वाटपासाठी दर दहा वर्षांनी शिरगणती करण्याची तरतूद संविधानातच आहे. त्यानुसार पहिली गणना १७९० मध्ये झाली. गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरली जाई, म्हणून ती मोजणे आवश्यक होते. त्यांची नावे टिपण्याची गरज कायद्याला वाटली नाही. १७९० ते १८४० या सहा गणनांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव आढळते. बाकीची माणसे वयोगट, लिंग व दर्जा यांच्या रकान्यांत आकड्यांपुरती उरतात. १८०० ते १८२० या काळात गोऱ्यांसाठी पाचच मुख्य वयोगट होते आणि शेवटचा गट ‘४५ व त्यापुढे’ असा होता. १८२० मध्ये १६ ते १८ वयाच्या पुरुषांसाठी एक जादा रकाना घातला गेला. तीच मुले १६ ते २६ या रकान्यातही मोजली जात असल्याने, बेरीज करताना घरात नसलेला एक मुलगा सहज वाढतो. १८३० पासून वयोगट अधिक बारीक झाले. १८४० च्या अनुसूचीत क्रांतियुद्धाच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या, निवृत्तिवेतनधारकांची नावे व वये वेगळी लिहिली आहेत, त्यामुळे मुलाच्या किंवा जावयाच्या घरी राहणारा वृद्ध सैनिक, क्वचित त्याची विधवाही, नावानिशी सापडते. या सहा दशकांतील काम मुख्यतः ताळा जुळवण्याचे असते. एका दशकात ‘दहाच्या आत’ असलेला मुलगा पुढच्या दशकात कोणत्या रकान्यात असायला हवा, ते पाहून कुटुंबाचा आराखडा मांडावा लागतो. हा आराखडा अनुमानच असतो. कराच्या याद्या व मृत्युपत्रे यांचा आधार मिळाल्याशिवाय त्यातून पितृत्व सिद्ध करू नये.

*आरंभीच्या अनुसूचींचा नाश :* व्हर्जिनिया (त्या वेळी केंटकीसह), जॉर्जिया आणि पुढे टेनेसी झालेला प्रदेश यांच्या १७९० च्या अनुसूची आज उपलब्ध नाहीत. १८०० च्या व्हर्जिनियाच्या अनुसूचींपैकी ॲकोमॅक व लुईझा या दोनच काउंट्यांच्या उरल्या आहेत. जॉर्जियात राज्यभराची म्हणता येईल अशी पहिली संघीय अनुसूची १८२० चीच होय. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने वॉशिंग्टन जाळले त्यात हे कागद नष्ट झाले, असे जुन्या मार्गदर्शक ग्रंथांतून सांगितले जाते आणि तेच पुढे उद्‌धृत होत आले आहे. या मताला एक मोठी अडचण आहे. १७९० च्या कायद्यानुसार मार्शलांनी, म्हणजे गणना करवून घेणाऱ्या संघीय अधिकाऱ्यांनी, मूळ अनुसूची आपापल्या संघीय जिल्हा न्यायालयाच्या लिपिकाकडे ठेवायच्या होत्या; राजधानीकडे जायचे ते एकूण आकडे. पहिल्या चार गणनांच्या अनुसूची परराष्ट्र खात्याकडे पाठवण्याचा आदेश लिपिकांना देणारा कायदा २८ मे १८३० चा आहे. म्हणजे १८१४ मध्ये त्या वॉशिंग्टनमध्ये असण्याचे कारण दिसत नाही. अनुसूची जिल्हा न्यायालयांतच गहाळ झाल्या किंवा १८३० नंतर पाठवल्याच गेल्या नाहीत, हे मत अधिक संभाव्य वाटते. टेनेसीची १८२० ची स्थिती या मताला पुष्टी देते: नॅशव्हिल येथील न्यायालयाकडे दाखल झालेल्या मध्य व पश्चिम भागांच्या अनुसूची शिल्लक आहेत, नॉक्सव्हिलकडे गेलेल्या पूर्व भागाच्या नाहीत, आणि हा नाश १८१४ च्या आगीवर ढकलता येत नाही. तथापि प्रत्येक राज्याच्या बाबतीत एकच कारण लावणे धाडसाचे ठरेल.

ही पोकळी भरून काढण्यासाठी पर्यायी साधने वापरतात. जनगणना कार्यालयाने १९०८ मध्ये १७९० च्या कुटुंबप्रमुखांच्या याद्या छापल्या, तेव्हा व्हर्जिनियासाठी १७८२ ते १७८५ च्या राज्य-गणनांची नावे घेतली. त्यांत सर्व काउंट्या नाहीत, आणि त्या याद्यांना ‘१७९० ची जनगणना’ म्हणणे चूक आहे, तरी घराण्यांच्या अनेक वृत्तांतांत तसे लिहिलेले आढळते. व्हर्जिनियात १७८२ पासूनच्या व्यक्तिकर व जमीनकराच्या याद्या, तर जॉर्जियात करनोंदी आणि १८०५ पासूनच्या जमीन-सोडतींचे (चिठ्ठ्या टाकून केलेल्या जमीनवाटपाचे) कागद यांचा उपयोग होतो. काउंटीच्या सीमा सतत बदलत असल्याने (जॉर्जियात आज १५९ काउंट्या आहेत) एकाच शेतावर राहिलेले कुटुंब तीन दशकांत तीन काउंट्यांत नोंदलेले दिसू शकते. नकाशा न पाहता ते ‘स्थलांतरित’ ठरवण्याची घाई अनेकांकडून होते.

*१८५० नंतर :* १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय, वर्ण, व्यवसाय आणि जन्मराज्य लिहिले जाऊ लागले. गणनेचा दिवस १ जून होता. त्यानंतर जन्मलेले मूल लिहायचे नव्हते, त्यानंतर मृत झालेली व्यक्ती मात्र लिहायची होती. प्रगणक प्रत्यक्षात कधी आला याला महत्त्व नव्हते. दक्षिणेच्या दृष्टीने जन्मराज्याचा रकाना सर्वांत फलदायी ठरतो. बाप दक्षिण कॅरोलायनात, थोरली मुले जॉर्जियात, मधली ॲलाबॅमात आणि धाकटी मिसिसिपीत जन्मलेली असली, तर कापसाच्या नव्या जमिनींच्या मागे पश्चिमेकडे सरकलेल्या कुटुंबाचा मार्ग व त्याचा अंदाजे काळ एकाच पानावर हाती येतो.

कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते मात्र १८८० पर्यंत विचारलेच गेले नाही. १८५० ते १८७० च्या अनुसूचीत पुरुषाच्या नावाखाली आलेली स्त्री त्याची पत्नी आणि त्याखालची मुले तिची, हा वाचकाचा तर्क असतो. ती दुसरी पत्नी, विधवा बहीण किंवा भावजयही असू शकते. सावत्र आईला सख्खी ठरवून एका पूर्ण शाखेचे मातृकुल चुकीच्या घराण्याला जोडणे हा दक्षिणी वंशावळींतला नेहमीचा दोष आहे. शिवाय १८५० ते १८७० या काळात अनुसूचींच्या काउंटी, राज्य व संघ यांसाठी वेगवेगळ्या प्रती होत. आज पडद्यावर दिसते ती बहुधा संघाची प्रत, म्हणजे नक्कल. तीत पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरे, गळलेली ओळ किंवा चुकलेले वय असू शकते. काउंटीची प्रत टिकली असेल तेथे ती पाहिलीच पाहिजे.

*गुलामांच्या अनुसूची :* १८५० आणि १८६० मध्ये गुलामांसाठी स्वतंत्र अनुसूची होती. तीत मालकाचे नाव आहे, गुलामांचे वय, लिंग व वर्ण आहे, नाव नाही. १८५० च्या मूळ मसुद्यात गुलामांची नावे लिहिण्याची योजना होती. दक्षिणेकडच्या सिनेटरांच्या आक्षेपामुळे नावाच्या जागी क्रमांक घालण्यात आला. १८६० मध्ये गुलामगिरीत असलेल्या सुमारे ३९.५ लाख माणसांची नावे संघाच्या कागदावर उमटू शकली असती, ती या एका दुरुस्तीने गेली, आणि त्यांच्या वंशजांना आजही त्याची किंमत मोजावी लागते. शंभरी ओलांडलेल्यांची नावे लिहिण्याची सूचना होती. काही थोड्या प्रगणकांनी सूचना बाजूला ठेवून सर्वच नावे लिहिली; टेक्ससमधील बोवी (१८५०) व व्हर्जिनियातील हँपशर (१८६०) या काउंट्यांची उदाहरणे दिली जातात.

या अनुसूचीचा उपयोग मर्यादित आहे, तो ओळख पटवण्यापेक्षा शक्यता वगळण्यासाठी अधिक होतो. १८७० मध्ये ४५ वर्षांची असलेली स्त्री १८६० मध्ये ३५ च्या आसपास असायला हवी. संशयित मालकाच्या यादीत त्या वयाची एकही स्त्री नसेल, तर दुसरा मालक शोधावा. वये पाच-दहाच्या पटीत अंदाजाने लिहिलेली असल्याने येथेही सैल हाताने जुळवणी करावी लागते. ‘मालक’ म्हणून लिहिलेली व्यक्ती काही ठिकाणी विश्वस्त, पालक किंवा भाड्याने घेणारा असे. एकाच मालकाची अनेक काउंट्यांत शेते असली तर त्याचे नाव अनेक ठिकाणी येते. १८५० ते १८८० च्या मृत्यू-अनुसूचींत मागील वर्षभरात मेलेल्यांची नोंद आहे आणि तीत गुलामांची नुसती नावे कधी कधी सापडतात. ही अनुसूची वंशशोधक फार कमी पाहतात, याची खंत वाटते.

*१८७० ची गणना :* बहुसंख्य आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबे नाव-आडनावासह प्रथम दिसतात ती १८७० मध्ये. युद्धापूर्वीच मुक्त असलेले सुमारे ४ लाख ८८ हजार कृष्णवर्णीय (१८६०) याला अपवाद. त्यांची नावे १८५० पासून आणि कुटुंबप्रमुखांची त्याआधीपासून मिळतात. म्हणून मुक्त व गुलाम या दोन्ही शक्यता आधी तपासल्या पाहिजेत. १८७० ची गणना दक्षिणेत अपुरी झाली. जनगणना कार्यालयानेच पुढे दक्षिणेतील सुटलेल्यांचा अंदाज सुमारे १२.६ लाख असा केला. त्यामुळे त्या वर्षी न सापडलेले कुटुंब १८८० मध्ये शोधावे. १८७० मध्ये नाव नाही एवढ्यावरून काही निष्कर्ष काढू नये.

१८७० च्या मागे जाताना आडनावाचा प्रश्न उभा राहतो. मुक्त झालेल्यांनी शेवटच्या मालकाचे आडनाव घेतले, असे पूर्वी सर्रास मानले जाई. १९७० च्या दशकात इतिहासकार हर्बर्ट गटमन यांनी मळ्यांच्या कागदांवरून दाखवले, की गुलामांना स्वतःची आडनावे असत आणि ती पुष्कळदा आधीच्या एखाद्या मालकाची, पिढ्यांमागच्या कुटुंबाशी नाते सांगणारी होती. प्रत्यक्ष प्रमाण प्रदेशागणिक बदलत असावे, पण शोधाची सुरुवात आडनावावरून न करता शेजारावरून करणे सुरक्षित, असे अनुभवी शोधक मानतात. १८७० च्या पानावर पुढची-मागची घरे पाहावीत, मालमत्तेचा मोठा आकडा असलेले गोरे जमीनदार टिपावेत, आणि मग त्यांची मृत्युपत्रे व मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्या वाचाव्यात. या याद्यांत माणसांची नावे बैल व नांगरांच्या शेजारी किमतीसह लिहिलेली असतात. आई आणि मूल यांची जोडी पुष्कळदा तेथेच प्रथम सिद्ध होते. मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या फ्रीडमन्स ब्यूरो या संघीय कार्यालयाचे (१८६५–७२) मजुरी-करार, फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या ठेवीदारांच्या नोंदी, १८६७ च्या मतदारयाद्या आणि कृष्णवर्णीय सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या फायली ही या कामाची अन्य मोठी साधने होत. बँकेच्या नोंदींत आईबाप, भावंडे, कधी जुने मालकही सांगितलेले असतात.

*वर्णाचा रकाना :* वर्ण प्रगणक पाहून ठरवत असे. ‘मुलॅटो’, म्हणजे मिश्रवर्णीय, हा वर्ग १८५० ते १८८० मध्ये होता. १८९० मध्ये त्यात आणखी पोटवर्ग पडले. १९०० मध्ये तो वगळला गेला, १९१० व १९२० मध्ये परत आला आणि १९३० मध्ये कायमचा गेला. एकच माणूस तीन गणनांत तीन वर्णांचा दिसतो तो यामुळे. उत्तर कॅरोलायनाच्या रोबसन काउंटीतील लंबी आणि पूर्व टेनेसीतील मेलंजन या समाजांच्या कुटुंबांच्या नोंदी अशाच बदलत जातात. त्यांच्या उत्पत्तीविषयी मतभेद आहेत, आणि केवळ जनगणनेच्या आधारे त्यांचा निर्णय करता येणार नाही. ‘पणजी चेरोकी होती’ ही दक्षिणेतल्या असंख्य घरांतील कथा पडताळण्यासाठी चेरोकी या मूलनिवासी जमातीच्या स्वतंत्र गणना, विशेषतः १८३५ ची, पाहाव्या लागतात. कर न भरणारे मूलनिवासी सुरुवातीच्या संघीय गणनांत मोजलेच जात नसत.

*१८८० ते १९५० :* १८८० मध्ये नाते आणि आईबापांची जन्मराज्ये, १९०० मध्ये जन्माचा महिना व वर्ष आणि स्त्रीला झालेली व हयात असलेली मुले हे रकाने आले. १९१० मध्ये यादवी युद्धातील सेवा विचारली गेली. १८९० च्या अनुसूची वॉशिंग्टनमधील वाणिज्य खात्याच्या इमारतीला १० जानेवारी १९२१ रोजी लागलेल्या आगीत व पाण्यात खराब झाल्या, आणि उरलेल्या १९३० च्या दशकात नष्ट करण्यात आल्या. सुमारे सहा हजार नावे वाचली, त्यांत ॲलाबॅमाच्या पेरी काउंटीचा काही भाग आहे. यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेल्या संघसैन्यातील माजी सैनिकांची वेगळी अनुसूची काही दक्षिणी राज्यांसाठी शिल्लक आहे. तीत चुकून लिहिलेली व नंतर खोडलेली दक्षिणी सैनिकांची नावेही वाचता येतात.

नावांच्या शोधासाठी १९३० च्या दशकात साउंडेक्स ही उच्चारानुसारी सूची तयार झाली. आडनावाचे पहिले अक्षर ठेवून पुढच्या व्यंजनांना एक ते सहा आकडे देतात, स्वर गाळतात. ‘वॉशिंग्टन’ ‘डब्ल्यू २५२’ होते, ‘ली’ ‘एल ०००’. वेगवेगळ्या स्पेलिंगांनी लिहिलेले ‘स्मिथ’ त्यामुळे एकत्र येतात, पण पहिलेच अक्षर चुकले तर नाव दुसरीकडे जाते. १९३० ची ही सूची केवळ बारा राज्यांसाठी झाली. ती सर्व दक्षिणेकडची असून केंटकी व वेस्ट व्हर्जिनिया यांचे काही भागच तीत आहेत.

अनुसूची ७२ वर्षे गोपनीय राहतात. भारतात जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार व्यक्तिगत अनुसूची पाहण्यास खुल्याच होत नाहीत, त्यामुळे असा वंशशोध येथे संभवत नाही. अमेरिकेत १९५० च्या अनुसूची १ एप्रिल २०२२ रोजी राष्ट्रीय अभिलेखागाराने जालावर खुल्या केल्या. त्यांची पहिली नामसूची यंत्राने हस्ताक्षर वाचून केली असल्याने नाव न सापडल्यास पत्त्यावरून गणनाविभाग काढून पाने एकेक पाहावी लागतात. १९६० च्या अनुसूची एप्रिल २०३२ मध्ये खुल्या व्हायच्या आहेत.