मर्यादा ८६ हजारांची, बिल त्याच्या दुप्पट: इंग्लंडमधल्या वृद्धसेवेच्या खर्चाचा वाद

२९ जुलै २०२४ रोजी ब्रिटनच्या नव्या अर्थमंत्र्यांनी ज्येष्ठांच्या देखभाल खर्चावरची ८६ हजार पौंडांची मर्यादा रद्द केली. माणसाने देखभालीसाठी आयुष्यभरात स्वतः भरायच्या पैशांवरची ही कमाल रेषा होती, आणि ती लागू व्हायला जेमतेम सव्वा वर्ष उरलं होतं. त्याच निवेदनात बहुतेक पेन्शनरांचा हिवाळी इंधन भत्ताही गेला आणि सगळा राग त्या दोन-तीनशे पौंडांवर निघाला. मर्यादेची बातमी तळाशी राहिली. ज्या मर्यादेसाठी तेरा वर्षं आयोग, कायदे, निवडणुका आणि एक नवा कर खर्ची पडला, ती अशी गुपचूप जावी हे मनाला लागतं. मात्र जी मर्यादा गेली ती लोकांच्या डोक्यात होती ती नव्हतीच, आणि हा घोळ समजून घेतल्याशिवाय या वादातला राग कळत नाही.

मुळात दुभंग आहे तो १९४८ चा. एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, आली ती सगळ्यांसाठी मोफत. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने म्हाताऱ्यांच्या निवाऱ्याची आणि देखभालीची जबाबदारी नगरपालिकांसारख्या स्थानिक कौन्सिलांवर टाकली, पण ज्याची ऐपत असेल त्याने पैसे द्यायचे, या अटीवर. कर्करोग झालेल्याचे उपचार एनएचएस करते. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसाला भरवणं, आंघोळ घालणं, कपडे बदलणं, रात्री तो दार उघडून बाहेर पडणार नाही हे पाहणं ही 'सामाजिक सेवा' ठरते आणि तिचं बिल घरी येतं. पूर्ण खर्च एनएचएसने उचलावा अशी तरतूद आहे, पण ती 'मूळ गरज आरोग्याची आहे' असं सिद्ध झालं तरच. डिमेन्शियाच्या बहुतेक कुटुंबांना ते सिद्ध करता येत नाही.

ऐपत मोजण्याची रीत आजही अशी आहे. आधी कौन्सिलचा माणूस गरज तपासतो, मग मिळकत तपासली जाते. २३,२५० पौंडांच्या वर मालमत्ता असेल तर सगळा खर्च स्वतःचा. १४,२५० च्या खाली असेल तर मालमत्तेला हात लागत नाही, पेन्शन मात्र जवळजवळ सगळी जाते. केअर होममधल्या माणसाला हातखर्चाला २०२५-२६ मध्ये आठवड्याला ३०.६५ पौंड सोडत. दोन्ही आकड्यांच्या मधल्या रकमेत दर २५० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न आहे असं गृहीत धरतात. बँकेचं व्याज तसं कधीच मिळत नाही. हे सूत्र पुढे लागणार आहे, म्हणून ध्यानात ठेवावं.

खरा भडका उडतो तो घरावरून. देखभाल राहत्या घरीच मिळत असेल तर घराची किंमत धरत नाहीत. माणूस कायमचा केअर होममध्ये गेला की पहिले बारा आठवडे सोडून ती धरतात. जोडीदार, साठी ओलांडलेला नातेवाईक किंवा अपंग नातेवाईक त्या घरात राहत असेल तर सूट मिळते. ब्रिटनमधली मराठी कुटुंबं नेमकी इथे अडकतात. घर आईच्या नावावर आहे, पंचेचाळिशीचा मुलगा, सून आणि नातवंडं तिच्याबरोबरच राहतात. तरीही नियमाने घर मोजलं जातं. कौन्सिल स्वतःच्या अधिकारात सूट देऊ शकते, पण तो हक्क नाही. मग कोणीतरी सांगतं की घर मुलाच्या नावावर करा, सात वर्षं काढा. तो सात वर्षांचा नियम वारसा कराचा आहे, देखभालीचा नाही. खर्च चुकवण्यासाठी मालमत्ता दिली असं कौन्सिलला वाटलं तर कितीही वर्षं उलटली असली तरी ती आईचीच धरून हिशेब होतो. त्यापेक्षा कौन्सिलशी थकबाकीचा करार करावा. त्यात बिल घरावर चढत जातं, व्याज लागतं, पण घर आईच्या हयातीत विकावं लागत नाही.

१९९९ मध्ये एका रॉयल कमिशनने सांगितलं की राहण्याजेवणाचे पैसे लोकांनी द्यावेत, आंघोळ, भरवणं, कपडे बदलणं अशी वैयक्तिक देखभाल मोफत करावी. स्कॉटलंडने ते २००२ मध्ये मान्य केलं. इंग्लंडने फक्त नर्सिंगचा भाग उचलला. तेव्हापासून सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे दोन वेगळे हिशेब आहेत.

२०१० च्या निवडणुकीआधी सत्ताधारी पक्ष माणसाच्या मृत्यूनंतर मालमत्तेतून रक्कम घेण्याचा विचार करत होता. विरोधकांनी थडग्याचं चित्र छापून त्याला 'मृत्युकर' ठरवलं आणि विषय संपला. नंतरच्या सरकारने नेमलेल्या तीन जणांच्या आयोगाने जुलै २०११ मध्ये अहवाल दिला. पासष्टी गाठलेल्या दहांपैकी एकाचा देखभाल खर्च एक लाख पौंडांवर जातो, आणि तो एक कोण हे आधी कुणालाच सांगता येत नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट. घराला आग लागण्याचा विमा निघतो, याचा कुठलीच कंपनी काढत नाही. म्हणून ठरावीक रकमेपुढचा धोका सरकारने घ्यावा. आयोगाने ही रक्कम ३५ हजार पौंड सुचवली. सरकारने ती ७२ हजारांवर नेली, २०१४ मध्ये कायदा केला, एप्रिल २०१६ ची तारीख दिली, जुलै २०१५ मध्ये ती २०२० वर ढकलली आणि २०१७ च्या अखेरीस तीही सोडून दिली.

मधल्या काळात १८ मे २०१७ रोजी सत्ताधारी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा निवडणूक जाहीरनामा आला. त्यात माणसाकडे राखून ठेवायची रक्कम एक लाख पौंड केली होती, आणि कमी मालमत्ता असलेल्यांसाठी ही मोठीच वाढ होती. पण घरी मिळणाऱ्या देखभालीसाठीही घराची किंमत धरायची होती, आणि कमाल मर्यादेचा शब्दच नव्हता. दोन दिवसांत त्याला 'डिमेन्शिया टॅक्स' हे नाव चिकटलं. चार दिवसांनी, २२ मे रोजी, पंतप्रधानांनी मर्यादाही आणू म्हणून सांगितलं आणि त्याच वेळी काहीही बदललेलं नाही असा आग्रहही धरला. ८ जूनला बहुमत गेलं. मतदारांना सगळ्यात जास्त खुपली ती दारात येणाऱ्या देखभालीच्या माणसासाठी घर गहाण पडण्याची कल्पना.

मग ७ सप्टेंबर २०२१ ला सरकारने नवी योजना जाहीर केली. कामगार आणि मालक दोघांच्याही नॅशनल इन्शुरन्समध्ये, म्हणजे पगारावर भरायच्या सामाजिक विम्याच्या वर्गणीत, सव्वा टक्का वाढ, लाभांशावरच्या करातही तेवढीच. कर वाढवणार नाही हे २०१९ च्या जाहीरनाम्यातलं वचन उघडपणे मोडलं होतं. पहिला राग त्याचा. दुसरा राग तरुणांचा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पगारदाराच्या पैशाने निवृत्तांची घरं वाचवायची, असा हिशेब त्यांना दिसला. तिसरा राग आकडे वाचणाऱ्यांचा होता. तीन वर्षांत सुमारे ३६ अब्ज पौंड जमणार होते, त्यांतले इंग्लंडच्या वृद्धसेवेला ५.४ अब्ज. वृद्धसेवेचं नाव पुढे करून बाकीचा बराच पैसा रुग्णालयांच्या थकलेल्या शस्त्रक्रियांकडे जाणार होता.

बदल्यात मिळणार होतं ते असं: ऑक्टोबर २०२३ पासून आयुष्यभराच्या देखभाल खर्चावर ८६ हजारांची मर्यादा, मालमत्तेची वरची रेषा २३,२५० वरून एक लाखावर, खालची १४,२५० वरून २० हजारांवर.

आता या 'मर्यादे'कडे येऊ. वाचणाऱ्याला वाटतं की ८६ हजार खर्च झाले की पुढे फुकट. समजा केअर होमचं बिल आठवड्याला १,००० पौंड आहे. पण मर्यादेच्या मीटरवर, म्हणजे ८६ हजारांपर्यंत मोजत जाणाऱ्या हिशेबात, धरला जाणार होता तो कौन्सिल स्वतः देईल तो दर. तो समजा ७०० आहे. त्यातून राहण्याजेवणाचे म्हणून ठरवलेले २०० वजा. म्हणजे मीटर आठवड्याला ५०० ने पुढे सरकतो. ८६ हजार व्हायला १७२ आठवडे लागतात, म्हणजे तीन वर्षं आणि साडेतीन महिने. तोवर घरातून प्रत्यक्षात १ लाख ७२ हजार पौंड गेलेले असतात. आणि त्यानंतरही बिल थांबत नाही. राहण्याजेवणाचे २०० आणि कौन्सिलच्या दराच्या वरचे ३००, असे ५०० पौंड दर आठवड्याला भरायचेच. यात काही लपवलेलं नव्हतं, सगळं कागदपत्रांत होतं. पण घोषणा करणाऱ्या मंत्र्यांनी आकडा सांगितला तो ८६ हजारांचा.

याहून मोठा वाद नोव्हेंबर २०२१ मध्ये झाला. २०१४ च्या कायद्यात मीटरवर सगळा पात्र खर्च चढत होता, तो माणसाने भरलेला असो वा कौन्सिलने. १७ नोव्हेंबरला सरकारने दुरुस्ती मांडली की फक्त माणसाच्या स्वतःच्या खिशातून गेलेलेच पैसे मोजायचे. ऐकायला रास्त वाटतं. आकडे मांडले की चित्र पालटतं.

दोन आज्या घ्या. दोघींचा कौन्सिल दर वरच्यासारखाच ७००, होमही त्याच दराचं, आणि राहण्याजेवणाचे २०० दोघींच्याही पेन्शनमधून निघतात असं धरू. पहिलीची मालमत्ता ५ लाख पौंडांची. ती आठवड्याला ५०० देते, १७२ आठवड्यांत तिचे ८६ हजार होतात आणि ती सुटते. मालमत्तेचा सतरा टक्के भाग गेला. दुसरीची मालमत्ता १ लाख ६ हजारांची. पहिले बारा आठवडे तीही ५०० देते. मग तिची रक्कम एक लाखावर येते आणि कौन्सिलची मदत सुरू होते. आता २० हजारांच्या वरच्या ८० हजारांवर, २५० ला १ या सूत्राने, तिचा वाटा आठवड्याला ३२० आणि कौन्सिलचा १८०. जुन्या कायद्यात मीटर तरीही ५०० नेच चालला असता, दुसरीही १७२ आठवड्यांनी सुटली असती आणि तिच्याकडे सुमारे ६२ हजार उरले असते. दुरुस्तीनंतर मीटर ३२० वर येतो. रक्कम घटेल तसा वाटा घटतो, ६० हजारांवर आली की १६०, आणि मीटर तेवढाच मंदावतो. १७२ आठवड्यांनी तो जेमतेम ४४ हजारांवर असतो. १ लाख ६ हजारांतून ८६ हजार वजा केले की उरतात नेमके २० हजार. म्हणजे मर्यादा गाठायला तिला खालच्या रेषेपर्यंत झिजावं लागतं आणि तिथे पोचेपर्यंत वाटा जवळजवळ शून्यावर आलेला असतो. मीटर भरतच नाही. तिची मालमत्ता ऐंशी टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

या दुरुस्तीचा फटका कुठे बसणार होता हे नकाशावर दाखवता येत होतं. आग्नेय इंग्लंडमध्ये साधं घरसुद्धा कितीतरी लाखांचं, उत्तरेकडच्या जुन्या कारखानी गावांत ओळीतलं घर लाखाच्या आसपास. २०११ च्या आयोगाच्या अध्यक्षांनीच या दुरुस्तीला विरोध केला. २२ नोव्हेंबरला ती २७२ विरुद्ध २४६ मतांनी मंजूर झाली. सत्ताधारी पक्षाला ऐंशीच्या घरात बहुमत असताना हा फरक २६ वर आला, कारण उत्तरेतून निवडून आलेले अनेक जण बिथरले होते. वरिष्ठ सभागृहाने ती परत पाठवली, तरी एप्रिल २०२२ मध्ये कायदा झालाच. सरकारचं म्हणणं होतं की हा बदल नसता तर खर्च कोट्यवधी पौंडांनी वाढला असता आणि वरची रेषा एक लाख केल्याने कमी मालमत्तेच्या लोकांना एरवी मदत मिळणारच आहे. पहिलं खरं आहे. दुसरंही बऱ्याच अंशी खरं आहे. पण वाचवलेले पैसे कोणाच्या घरातून आले, याचं उत्तर त्यात नाही.

कौन्सिलांची भीती वेगळीच होती. आजवर स्वतः पैसे भरणारे लोक त्यांच्या दारात येत नसत. मर्यादा लागू झाली की प्रत्येकाची गरज तपासायची, प्रत्येकाचा मीटर उघडायचा, दरवर्षी हिशेब पाठवायचा, आणि तपासणी करणारी माणसं तर आधीच अपुरी. शिवाय स्वतः पैसे भरणाऱ्यालाही कौन्सिलच्या दराने जागा मागण्याचा हक्क मिळणार होता. स्पर्धा नियामकाच्या २०१७ च्या पाहणीत हे लोक कौन्सिलपेक्षा सरासरी ४१ टक्के जास्त भरताना आढळले होते. कौन्सिल होमच्या खर्चाहून कमी दर देते, होमवाले तो तोटा स्वतः पैसे भरणाऱ्यांकडून भरून काढतात. हा जास्तीचा पैसा आटला तर होम बंद पडणार, म्हणून आधी कौन्सिलांना रास्त दर देण्याइतका निधी हवा होता. तो पुरेसा कधीच आला नाही.

पुढचं झपाट्याने घडलं. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने सव्वा टक्क्याची वाढ मागे घेतली. नोव्हेंबरमध्ये त्याच्याही नंतरच्या सरकारने मर्यादा ऑक्टोबर २०२५ वर ढकलली आणि तिच्यासाठीचा पैसा कौन्सिलांना रोजच्या खर्चाला वापरू दिला. जुलै २०२४ मध्ये मर्यादा गेली. एप्रिल २०२५ पासून मालकांचा नॅशनल इन्शुरन्स १५ टक्के झाला आणि खासगी केअर होमना त्यातून सूट मिळाली नाही. फेब्रुवारी २०२२ पासून भारत, नायजेरिया, झिंबाब्वेतून देखभाल कामगार आणणारा व्हिसा २२ जुलै २०२५ ला नव्या भरतीसाठी बंद झाला. नवा आयोग नेमला आहे, त्याचा अंतिम अहवाल २०२८ मध्ये यायचा आहे.

तोवर अर्जावर तेच दोन आकडे आहेत, २३,२५० आणि १४,२५०, जे २०१० मध्ये ठरले होते. महागाईबरोबर वाढले असते तर वरचा आकडा आज ३४ हजारांच्या वर असता. दरवर्षी न वाढणाऱ्या त्या रेषेने आणखी काही घरं खर्चाच्या बाजूला ओढली जातात, आणि त्यासाठी संसदेत कुणाला मत द्यावं लागत नाही.