पहाटे दोनचा आकडा : क्लाउस फॉन क्लिट्झिंग आणि 25812.807 ओहम

परवा एका प्रदर्शनात ‘क्वांटम लॉकेट’ विकणारा एक मुलगा भेटला. गळ्यात घातलं की पाठदुखी जाते, मोबाइलच्या लहरी अडतात, शांत झोप लागते. हे नेमकं होतं कसं, असं विचारल्यावर तो म्हणाला, “सर, क्वांटममध्ये काहीच फिक्स नसतं, म्हणून तर काहीही होऊ शकतं.” लॉकेट निव्वळ फसवणूक आहे, त्यावर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. पण त्याचं ते वाक्य घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही, कारण भौतिकशास्त्र शिकणारी हुशार मुलंही हेच बोलताना मी ऐकली आहेत. क्वांटम म्हणजे अनिश्चितता, क्वांटम म्हणजे सगळं धूसर.

खरी गोष्ट जवळजवळ उलटी आहे. आज माणसाला सगळ्यांत काटेकोरपणे मोजता येणाऱ्या ज्या काही गोष्टी आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा क्वांटममुळेच काटेकोर आहेत. त्यांतली माझी सर्वांत लाडकी म्हणजे 25812.807 ओहम (ओहम हे रोधाचं एकक) हा विद्युत रोध. तो ज्याच्या हाती लागला, त्या माणसाची ही गोष्ट.

क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांचा जन्म 28 जून 1943 चा, श्रोडा गावातला. हे गाव पोलंडमधलं, तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होतं. 1945 मध्ये युद्धाची आघाडी जवळ आली आणि दीड वर्षाच्या क्लाउसला घेऊन घरच्यांनी पश्चिमेची वाट धरली. निर्वासितांचं ते बालपण उत्तर जर्मनीतल्या छोट्या गावांत गेलं. 1962 मध्ये ते ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठात दाखल झाले. हे गणितज्ञ गाउसचं गाव, आणि जर्मनीची राष्ट्रीय मापनसंस्थाही इथलीच. विद्यार्थी असताना क्लिट्झिंग यांनी सुट्टीत त्या संस्थेत काम केलं होतं. आठव्या दशांश स्थळावरून वाद घालणारी माणसं त्यांनी विशीतच जवळून पाहिली, आणि मला वाटतं पुढे जे घडलं त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे. पुढे वुर्झबुर्गला गॉटफ्रीड लांडवेर यांच्याकडे 1972 मध्ये पीएच.डी. झाली. विषय होता तीव्र चुंबकीय क्षेत्रात टेल्युरियम या अर्धसंवाहकाचे विद्युत गुणधर्म. तीव्र चुंबक आणि अर्धसंवाहक ही जोडी त्यांनी मग सोडलीच नाही.

आता थोडं मागे, 1879 मध्ये. अमेरिकेत एडविन हॉल नावाचा विद्यार्थी सोन्याच्या पातळ पत्र्यातून वीज सोडत होता आणि पत्र्याला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावत होता. दहावीला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम शिकवतात, तो आठवा. वाहणारे इलेक्ट्रॉन बाजूला ढकलले जातात, पत्र्याच्या एका कडेला गोळा होतात, आणि दोन कडांमध्ये आडवं व्होल्टेज तयार होतं. हे आडवं व्होल्टेज भागिले विद्युतधारा म्हणजे हॉल रोध. चुंबक जितका जोरदार तितका तो जास्त, इलेक्ट्रॉन जितके दाट तितका कमी. सूत्र सोपं आहे: चुंबकीय क्षेत्र भागिले (इलेक्ट्रॉनांची दाटी गुणिले एका इलेक्ट्रॉनचा विद्युतभार). इलेक्ट्रॉन हळूहळू वाढवत नेले तर हॉल रोधाचा आलेख घसरगुंडीसारखा सलग उतरत जायला हवा.

4 फेब्रुवारी 1980 च्या रात्री फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या उच्च चुंबकीय क्षेत्राच्या प्रयोगशाळेत क्लिट्झिंग हाच आलेख काढत बसले होते. नमुना म्हणजे सिलिकॉनचा एक ट्रान्झिस्टर, मोबाइलच्या चिपमध्ये असतात त्याच जातकुळीतला. त्यात सिलिकॉन आणि त्यावरच्या ऑक्साइडच्या मधोमध इलेक्ट्रॉनांचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि वरचं व्होल्टेज कमीजास्त करून त्यांची दाटी बदलता येते. तापमान उणे 271.6 अंश सेल्सिअस. चुंबकीय क्षेत्र 18 टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे 4 लाख पट. (चुंबकाच्या गाद्या विकणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा. तसल्या क्षेत्रातही इलेक्ट्रॉन रोग बरे करत नाहीत, भौतिकशास्त्राचे नियम पाळतात.)

पहाटे दोनच्या सुमाराला त्यांच्यासमोर जो आलेख होता तो घसरगुंडीचा नव्हता, पायऱ्यांचा होता. रोध उतरायचा, मग बराच वेळ अगदी सपाट राहायचा, मग पुन्हा उतरायचा. असे सपाट भाग याआधीही दिसले होते, खुद्द त्यांच्याच जुन्या मोजमापांत आणि जपानी संशोधकांच्याही. तेव्हा त्यांकडे त्या-त्या नमुन्याचा स्वभाव म्हणून पाहिलं गेलं. त्या रात्री क्लिट्झिंग यांनी पायरीची उंची नीट तपासली. निरनिराळ्या नमुन्यांत ती एकच येत होती. मग त्यांनी वहीत एक अपूर्णांक मांडला: प्लँकचा स्थिरांक (क्वांटमच्या सगळ्या नियमांत येणारा निसर्गाचा मूलभूत आकडा) भागिले इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराचा वर्ग. उत्तर 25813 ओहम. पायऱ्या होत्या त्याच्या निम्म्यावर, पावावर, अशा पूर्णांकाने भागलेल्या.

त्या वहीच्या पानावरची एक गोष्ट मला फार आवडते. आलेख काढणाऱ्या यंत्राचा स्वतःचा रोध 10 लाख ओहम होता. नमुन्याला ते समांतर जोडलेलं, म्हणजे थोडी धारा यंत्रातूनही जाणार आणि वाचन थोडं कमी येणार. समांतर जोडणीचं आपलं शाळेतलं गणित करून पाहा: 25813 ओहमच्या जोडीला 10 लाख ओहम ठेवले की मिळतात 25163. तब्बल 650 ओहमचा फरक. ही दुरुस्ती केली नसती तर ‘अपूर्णांकाच्या साधारण जवळ’ म्हणून ते पान उलटलं गेलं असतं. त्यांनी ती तिथल्या तिथे, त्याच पानावर केली.

पण पायऱ्या का पडतात? इथे जरा सावकाश जाऊ.

तीव्र चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन सरळ जात नाही, गरागरा गोल फिरतो. 18 टेस्लात हे वर्तुळ मोजक्या नॅनोमीटर त्रिज्येचं असतं. इतक्या लहान वर्तुळाला क्वांटमचा नियम लागतो: वाटेल ती ऊर्जा चालत नाही, ठरावीक मजलेच मिळतात. यांना लांडाउ पातळ्या म्हणतात. प्रत्येक मजल्यावर जागा मोजक्या, आणि किती ते फक्त तीन गोष्टी ठरवतात: चुंबकीय क्षेत्र, इलेक्ट्रॉनचा भार आणि प्लँकचा स्थिरांक. पदार्थ कोणता, कोणी बनवला, याला तिथे किंमत नाही. 18 टेस्लात एका चौरस मिलिमीटरमागे एका मजल्यावर सुमारे 435 कोटी इलेक्ट्रॉन मावतात. आता मजले काठोकाठ भरलेले असताना ही दाटी मघाच्या हॉलच्या सूत्रात घाला. वर चुंबकीय क्षेत्र आहे, खालीही चुंबकीय क्षेत्र आलं. दोन्ही उडाली! उरतो तो फक्त प्लँकचा स्थिरांक, भाराचा वर्ग आणि भरलेल्या मजल्यांची संख्या.

छान. पण लक्षात घ्या, याने पायरी सिद्ध होत नाही. मजला काठोकाठ भरला त्या एका क्षणी रोध 25813 च्या हिशोबात बसतो, एवढंच. पुढचा एक इलेक्ट्रॉन आला की रोध हलायला हवा. मग आलेख सपाट का राहतो?

उत्तर आहे: नमुन्यातल्या अशुद्धीमुळे. सिलिकॉन आणि ऑक्साइडच्या सीमेवर नको ते अणू अडकलेले असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनांना ही जमीन सपाट नसते. तिथे खड्डे असतात, टेकड्या असतात. सह्याद्रीत पाणी उतारावरून खाली धावतं. तीव्र चुंबकीय क्षेत्रातला इलेक्ट्रॉन मात्र उताराला काटकोनात सरकतो, म्हणजे उंची न सोडता डोंगराला वळसा घालतो. खड्डा असेल तर खड्ड्याभोवती, टेकडी असेल तर टेकडीभोवती त्याची प्रदक्षिणा चालू राहते. तो निघाला तिथेच परत येतो, त्यामुळे नमुन्याच्या या टोकाची वीज त्या टोकाला नेत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जाणारी वाट एकच उरते: नमुन्याच्या अगदी कडेची, कड्यालगतच्या पायवाटेसारखी. एका कडेने सगळे इलेक्ट्रॉन एका दिशेने, समोरच्या कडेने उलट दिशेने. मागे वळायचं तर अख्खी रुंदी ओलांडून पलीकडे जावं लागेल, आणि मधे तर सगळे प्रदक्षिणेत गुंतलेले. त्यामुळे कडेवर धडका नाहीत, अडथळे नाहीत. पायरीवर असताना धारेच्या दिशेचा रोध जवळजवळ शून्यावर येतो, तो यामुळेच.

आता इलेक्ट्रॉन वाढवा. नवे येतात ते खड्ड्यांच्या आणि टेकड्यांच्या प्रदक्षिणेत अडकतात. कडेच्या वाटांची संख्या तीच राहते आणि हॉल रोधही तसूभर हलत नाही. पुरेसे इलेक्ट्रॉन आले की प्रदक्षिणेच्या वाटा एकमेकींना मिळतात, कडेला एक नवी वाट उघडते आणि रोध पुढच्या पायरीवर उतरतो. नमुना पूर्ण शुद्ध असता तर पायऱ्या दिसल्याच नसत्या, हॉलची जुनी घसरगुंडीच दिसली असती. जगातला एक सर्वांत नेमका आकडा अशुद्ध पदार्थातून मिळतो, आणि त्या अशुद्धीमुळेच मिळतो. हे मला पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी जेवायचं विसरलो होतो. अशुद्धी असूनही आकडा इतका अचूक का, याची सैद्धांतिक मांडणी 1981 मध्ये रॉबर्ट लाफलिन यांनी केली. पुढे याच धाग्यावरून पदार्थविज्ञानात टोपॉलॉजी (ताणलं-वाकवलं तरी न बदलणाऱ्या गुणांचं गणित) शिरली, पण तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

क्लिट्झिंग यांनी सिमेन्सचे गेरहार्ड डोर्डा आणि केंब्रिजचे मायकेल पेपर यांच्यासह शोधनिबंध लिहिला. नमुने या दोघांकडून आले होते. निबंधाचा पहिला मथळा विद्युत रोधाच्या नव्या प्रमाणकाविषयी होता. परीक्षकांचं म्हणणं पडलं की ओहम याहून अचूक ठरवण्याची पद्धत आधीच उपलब्ध आहे. मग मथळा बदलून भर ‘सूक्ष्मरचना स्थिरांक’ (विद्युतभार आणि प्रकाश यांच्यातलं नातं किती घट्ट, हे सांगणारा आकडा) मोजण्यावर देण्यात आला आणि ऑगस्ट 1980 मध्ये निबंध छापून आला. पहिला मथळाच बरोबर होता, हे पुढच्या दहा वर्षांत सगळ्यांनी मान्य केलं. क्लिट्झिंग त्याच वर्षी म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. 1985 मध्ये श्टुटगार्टच्या माक्स प्लँक घनअवस्था संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि त्याच वर्षी, वयाच्या 42 व्या वर्षी, नोबेल पारितोषिकाचे एकटे मानकरी ठरले.

ओहम म्हणजे किती, हे त्याआधी कसं ठरवत? 1908 च्या व्याख्येनुसार 106.3 सेंटीमीटर लांब आणि 14.4521 ग्रॅम वजनाचा पाऱ्याचा स्तंभ, बर्फाच्या तापमानाला. काच, पारा, बर्फ, आणि प्रत्येकात चूक शिरायला वाव. पुढे तारेची वेटोळी आली, तर ती वर्षागणिक हळूहळू बदलत. पायऱ्यांवरच्या या रोधाचं, म्हणजे क्वांटम हॉल रोधाचं, तसं नाही. सिलिकॉन घ्या, गॅलियम आर्सेनाइड घ्या, आज ग्राफीन घ्या, हजार कोटींत एका भागापर्यंत उत्तर एकच येतं. 1 जानेवारी 1990 पासून जगभरच्या मापनसंस्थांनी 25812.807 ओहम हे मूल्य ठरवून घेतलं आणि त्याला क्लिट्झिंग यांचं नाव मिळालं.

या आकड्याचा संबंध थेट किलोग्रॅमशीही आहे. वाण्याकडच्या लोखंडी वजनाच्या बुडाशी शिसं भरलेली खाच असते आणि त्यावर वजनमापं तपासणाऱ्या निरीक्षकाचा ठसा. त्या ठशाची वंशावळ वर वर चढत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या 57 क्रमांकाच्या प्रतीपर्यंत आणि तिथून पॅरिसजवळच्या सेव्हर इथल्या मूळ ठोकळ्यापर्यंत जात असे. शंभर वर्षांत तो ठोकळा आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे 50 मायक्रोग्रॅमची तफावत पडली. तोडगा निघाला तो किबल तराजूने. यात वजनाला तोलायला दुसरं वजन नसतं, चुंबकीय क्षेत्रातल्या वेटोळ्यातून जाणाऱ्या धारेचं बल असतं. त्यातलं व्होल्टेज जोसेफसन परिणामाने (अतिसंवाहकांच्या जोडातून नेमकं व्होल्टेज देणाऱ्या दुसऱ्या एका क्वांटम परिणामाने) मोजतात आणि रोध क्लिट्झिंग यांच्या पायरीने. मग वस्तुमान थेट प्लँकच्या स्थिरांकात मांडता येतं.

16 नोव्हेंबर 2018 ला व्हर्साय इथे जगातल्या देशांचे प्रतिनिधी किलोग्रॅमची नवी व्याख्या मंजूर करायला जमले होते. मतदानाआधीच्या व्याख्यात्यांत पंचाहत्तरी गाठलेले क्लिट्झिंग होते. प्लँकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा भार यांची मूल्यं कायमची ठरवली गेली, त्यामुळे त्यांच्यातून येणारा रोधही कायमचा ठरला: 25812.80745 ओहम आणि पुढचे दशांश. 1990 च्या आकड्यापेक्षा तो शंभर कोटींत सुमारे 18 भागांनी जास्त भरला, आणि 20 मे 2019 ला जगभरच्या विद्युत मापन प्रयोगशाळांनी आपापल्या नोंदी तेवढ्याने सरकवून घेतल्या.