बॉनव्हिल सॉल्ट फ्लॅट्स

बॉनव्हिल सॉल्ट फ्लॅट्स : अमेरिकेच्या यूटा राज्यातील मिठाचे विस्तीर्ण मैदान. नेव्हाडाच्या सीमेवरील वेंडोव्हर गावाजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८५ मी. उंचीवर ते पसरले आहे. मोटारींच्या वेगाच्या विक्रमांमुळे ते जगभर ओळखले जाते. जमीन केंद्र सरकारची असून देखरेख ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडे आहे.

हिमयुगात येथे बॉनव्हिल हे अफाट सरोवर होते. ऐन भरात त्याने सुमारे ५०,००० चौ. किमी. प्रदेश व्यापला होता. हवामान कोरडे होत गेले तसे ते आटले आणि सखल भागात क्षार साठले. आजचे ग्रेट सॉल्ट लेक हा त्याचाच अवशेष. हे मैदान वाळवंटात असले तरी त्याचा सपाटपणा पाण्याने घडवलेला आहे. हिवाळ्यात त्यावर उथळ पाणी साचते, वरचे मीठ त्यात विरघळते, आणि उन्हाळ्यात पाणी उडून गेले की नवा, कडक, पांढरा थर बसतो. कोकणातल्या मिठागरात माणसे वाफे चोपून जे साधतात, ते येथे ऊन-वारा आपसूक करतात. थराखाली मात्र ओला चिखल असतो. १८४६ मध्ये कॅलिफोर्नियाकडे वस्तीसाठी निघालेल्या डॉनर तांड्याच्या गाड्या त्यात रुतल्या, बैल गेले, दिवस वाया गेले. पुढे सिएरा नेव्हाडाच्या बर्फात तो तांडा अडकला, त्यामागे हा उशीरही होता.

शर्यतींची सुरुवात १९१४ सालची असली, तरी बॉनव्हिलचे नाव खऱ्या अर्थाने झाले ते १९३० नंतर. सॉल्ट लेक सिटीचे ॲब जेन्किन्स (पुढे त्याच शहराचे महापौर) यांनी तासन्‌तास गाडी पळवण्याचे विक्रम येथे केले आणि युरोपातल्या चालकांचे लक्ष वेधले. ३ सप्टेंबर १९३५ रोजी माल्कम कॅम्बेल यांच्या ‘ब्लू बर्ड’ने ताशी ४८४ किमी.चा वेग गाठून ताशी ३०० मैलांची वेस ओलांडली. जागतिक विक्रमासाठी तासाभरात उलटसुलट दोन धावा कराव्या लागतात; सरासरी ग्राह्य धरतात. ओलसर मिठामुळे टायर थंड राहतात, पण पकड डांबरी रस्त्याइतकी मिळत नाही. थांबायला जागा मुबलक, तरी ऑक्टोबर १९६४ मध्ये क्रेग ब्रीडलव्ह यांना तीही पुरली नाही. पॅराशूट निकामी झाले आणि त्यांची जेट गाडी तारांचे खांब तोडत खाऱ्या पाण्याच्या तळ्यात गेली. ते पोहून बाहेर आले. ताशी ८४७ किमी.चा विक्रम मात्र नोंदला गेलाच. २३ ऑक्टोबर १९७० रोजी गॅरी गॅबेलिच यांच्या ‘ब्लू फ्लेम’ने ताशी १,००१ किमी. गाठले. त्यानंतर सर्वोच्च वेगाचे मोठे प्रयत्न नेव्हाडातील ब्लॅक रॉक वाळवंटाकडे वळले.

१९४९ पासून ऑगस्टमध्ये भरणारा ‘स्पीड वीक’ मात्र येथलाच. घरच्या गॅरेजात जुळवलेल्या मोटारी नि मोटारसायकली घेऊन हौशी मंडळी येतात. खरे पाहता बॉनव्हिलची रंगत जेट गाड्यांपेक्षा यांच्यातच आहे. २०१४ व २०१५ मध्ये मैदान वाळले नाही किंवा थर पातळ निघाला, म्हणून तो रद्द करावा लागला. गेल्या काही दशकांत मिठाचा थर बराच झिजला आहे. शर्यतवाले जमिनीतले खारे पाणी उपसणाऱ्या जवळच्या पोटॅश (खतात वापरला जाणारा क्षार) उद्योगाकडे बोट दाखवतात. १९९७ पासून मैदानावर खारे पाणी पुन्हा सोडले जाऊ लागले, तरी प्रश्न सुटलेला नाही.

भेटीसाठी उन्हाळा ते शरद हा काळ बरा. सॉल्ट लेक सिटीहून महामार्ग ८० ने सुमारे दोन तासांत पोहोचता येते. मैदानावर पाणी, सावली, पेट्रोल काहीच मिळत नाही. मुक्काम वेंडोव्हरला करावा लागतो. ऊन पांढऱ्या जमिनीवरून परतून हनुवटीखालची कातडीही भाजते. मीठ ओले दिसले तर गाडी रस्त्याच्या टोकालाच ठेवावी. ती चिखलात बसली तर बाहेर काढणे खर्चाचे होते, आणि चाकांचे चर मैदानावर दीर्घकाळ राहतात. परतल्यावर गाडीचा तळ धुवून घ्यावा, नाहीतर पत्रा गंजतो.