एकाच आईची चौथी फाइल

लंडनच्या कौटुंबिक न्यायालयातले जिल्हा न्यायाधीश निकोलस क्रायटन यांना एक गोष्ट छळत होती. एखाद्या व्यसनी आईचं मूल काढून घ्यायचा हुकूम द्यावा, तर दोनेक वर्षांत तीच आई पुढच्या बाळासह पुन्हा समोर. मग तिसरं, चौथं. मधल्या काळात तिचं व्यसन, घर, मारहाण करणारा जोडीदार, काहीच बदललेलं नसे. त्यांनी 2008 मध्ये लंडनमध्ये एक वेगळं न्यायालय सुरू केलं. तिथे एकच न्यायाधीश दर पंधरवड्याला आईबापांना भेटतो, वकिलांविना बोलतो आणि उपचार कुठवर आले ते विचारतो. पण अशा आया देशात किती, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं. चेहरे ओळखीचे, आकडा मात्र नाही.

आपल्याकडे कौटुंबिक न्यायालय म्हटलं की घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा डोळ्यांपुढे येतो. हेळसांड झालेल्या मुलांचे प्रश्न जातात बालकल्याण समितीकडे. इंग्लंड आणि वेल्समध्ये दोन्ही कामं कौटुंबिक न्यायालयाकडेच आहेत. मुलाला गंभीर इजा होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं, की स्थानिक प्रशासन 1989 च्या बालक कायद्याच्या कलम 31 खाली अर्ज करतं. मुलाच्या बाजूने बोलायला एक पालक-प्रतिनिधी नेमला जातो. इंग्लंडमध्ये ही नेमणूक 2001 मध्ये स्थापन झालेली ‘कॅफकॅस’ ही संस्था करते. कोणाला कोणती केस दिली हे कळावं म्हणून ती संगणकावर नोंदी ठेवते: मुलाची जन्मतारीख, आईबापांची नावं, अर्ज कधी आला, हुकूम काय झाला. ही नोंदवही संशोधनासाठी कोणी उघडलीच नव्हती. कारकुनी सोयीची गोष्ट होती ती.

2008 च्या नोव्हेंबरात ‘बेबी पी’ प्रकरण वर्तमानपत्रांत आलं. आदल्या वर्षी लंडनमध्ये छळाने मेलेलं हे बाळ समाजसेवा खात्याच्या देखरेखीखाली होतं. देश हादरला आणि कलम 31 चे अर्ज भराभर वाढू लागले. इंग्लंडमध्ये 2008-09 साली ते साडेसहा हजारांच्या आत होते, 2016-17 पर्यंत साडेचौदा हजारांवर गेले. दरम्यान कौटुंबिक न्यायव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या डेव्हिड नॉरग्रोव्ह यांच्या समितीने 2011 मध्ये अहवाल दिला. एकेक खटला वर्षभराहून जास्त रेंगाळतो आणि व्यवस्थेकडे स्वतःच्याच कामाची धड माहिती नाही, असं त्यात होतं. पुढे 2014 च्या कायद्याने 26 आठवड्यांची मुदत घातली. अर्ज का वाढताहेत, हे मात्र गूढच राहिलं. सर्वोच्च कौटुंबिक न्यायाधीश सर जेम्स मन्बी यांनी 2016 मध्ये संकट आल्याची जाहीर कबुली दिली आणि कारणांचा शोध घ्यायला हवा असं म्हटलं. न्यायव्यवस्थेच्या या शाखेचा प्रमुखच असं म्हणतो, यातच सगळं आलं.

लँकेस्टर विद्यापीठाच्या प्राध्यापक कॅरन ब्रॉडहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर कॅफकॅसची ती नोंदवही मागून घेतली होती. त्यांनी केलं ते ऐकायला साधं आहे. नोंदी खटल्यागणिक होत्या, त्या त्यांनी आईगणिक लावल्या. 2007 पासूनचे हजारो खटले असे जोडल्यावर 2015 च्या सुमारास उत्तर हाती आलं: एकदा न्यायालयात आलेल्या दर चार आयांपैकी सुमारे एक जण सात वर्षांत दुसऱ्या मुलाच्या खटल्यात परत येते. विशीच्या आतल्या मुलींमध्ये हे प्रमाण तिघींत एकीच्या आसपास जातं. पुढे निवडक फाइली सविस्तर वाचल्या, तेव्हा वारंवार येणाऱ्या या आयांपैकी सुमारे 40 टक्के लहानपणी स्वतःच सरकारी देखरेखीत वाढलेल्या निघाल्या.

यातली मेख कायद्यात होती. खटला मुलाचा असतो. हुकूम झाला, मूल गेलं, की आईशी व्यवस्थेचा संबंध संपतो. तिला मदत देणं कोणाचंच बंधन नाही. दुःखात असलेली ती बाई लवकरच पुन्हा गरोदर राहते आणि नवी फाइल उघडते. आकडा मिळाल्यावर अशा आयांसाठीच्या कामाला जोर आला. लंडनच्या हॅकनी भागात त्याआधीच, 2013 मध्ये, सुरू झालेला ‘पॉज’ उपक्रम त्यांतला ठळक. सुरुवातीला त्यात दीर्घकाळाचं गर्भनिरोधक घेण्याची अट होती आणि त्यावर टीकाही झाली. मला ती टीका रास्त वाटते. मदतीला अट जोडली की ती बाई पुन्हा संशयितच ठरते.

2018 मध्ये ब्रॉडहर्स्ट यांच्याच गटाने नवजात बाळांकडे नजर वळवली. जन्मून आठवडाही न झालेल्या बाळांचे खटले आठ वर्षांत दुपटीहून अधिक झाले होते: 2008 मध्ये दर 10,000 जन्मांमागे 15, 2016 मध्ये 35. जवळपास निम्म्या बाळांचं थोरलं भावंड आधीच न्यायालयातून गेलेलं होतं.

नफील्ड फाउंडेशनच्या पैशातून 2019 मध्ये कौटुंबिक न्यायासाठी ‘वेधशाळा’, म्हणजे या न्यायालयांच्या कामाचा डेटा अभ्यासणारी संस्था, उभी राहिली. तिच्या डेटाचं काम लँकेस्टर आणि स्वान्सी विद्यापीठांकडे गेलं. वेल्समधल्या स्वान्सीत ‘सेल’ ही डेटापेढी आधीपासून होती. तिची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. नोंदीचे दोन तुकडे करतात. नाव, पत्ता, जन्मतारीख तिसऱ्या विश्वासू संस्थेकडे जातात. ती त्यांच्या जागी एक सांकेतिक क्रमांक देते. खटल्याचा मजकूर नावाशिवाय डेटापेढीत येतो आणि क्रमांकावरून दवाखान्याच्या नोंदींशी जुळतो. संशोधकाला नाव कधीच दिसत नाही. वेल्समध्ये अशा खटल्यांत आलेल्या आयांच्या नोंदी अशा जोडल्यावर निम्म्याहून अधिक जणींनी गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत मानसिक आजार असल्याचं सांगितलेलं आढळलं. म्हणजे दवाखान्याला ठाऊक होतं. न्यायालयात प्रकरण जाण्याआधी महिने हाताशी होते. जन्मताच बाळ काढून घ्यायची वेळ आली तर रुग्णालय, समाजसेवक आणि न्यायालयाने कसं वागावं, याच्या मार्गदर्शक सूचना 2023 मध्ये निघाल्या. गरोदरपणातच मदत सुरू करा, हा त्यांतला गाभा.

आकडे सरासरीचे असतात आणि न्यायाधीशापुढे एकच मूल असतं, हा आक्षेप या सगळ्या प्रवासात वारंवार आला आणि तो खोडता येत नाही. चारांतली एक परत येते म्हणून समोरची आई परत येईलच असं नाही. तसं गृहीत धरून निकाल दिला तर तो अन्यायच. शिवाय ही नोंदवही हुकमापाशी संपते. मूल पुढे दत्तक घरात रुळलं की चार घरं बदलत राहिलं, ते त्यात नाही. आणि बापाचा रकाना कित्येक ओळींत कोराच आहे. जन्मदाखल्यावर नाव नसलं, किंवा तो सुनावणीला पक्षकारच नसला, तर यंत्रणेच्या लेखी तो नसतोच. त्यामुळे ‘परत येणारी आई’ मोजता आली. परत येणारा बाप शोधायला संशोधकांना त्याच नोंदी पुन्हा चाळाव्या लागल्या.