प्रवाळाच्या टाकीतलं फॉस्फेट उतरवताना

काचेवर हिरवा थर धरू लागला की फॉस्फेट शून्यावर आणायची घाई होते. पण प्रवाळाच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही फॉस्फरस लागतो. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्याला टेकले, तर प्रवाळ फिके पडतात आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म एकपेशीय जीवांचा तपकिरी, बुडबुडे अडकलेला चिकट थर पसरू शकतो. तो काढणं हिरव्या शेवाळापेक्षा कितीतरी कटकटीचं. लिटरमागे ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट आणि २ ते १० मिलिग्रॅम नायट्रेट यावर बहुतेक टाक्या सुखाने चालतात.

फॉस्फेटसाठी सर्रास वापरतात ते आयर्न ऑक्साइडचे दाणे. फॉस्फेट त्यांच्या पृष्ठभागाला चिकटतं. नायट्रेटवर मात्र त्यांचा उपयोग नाही. २०० लिटरच्या टाकीला सुरुवातीला ५० ग्रॅम पुरे, मग आकडे बघून वाढवा. दाणे रिअ‍ॅक्टरमध्ये (ज्या नळकांड्यातून टाकीचं पाणी फिरतं त्यात) भरा, नळीचं बाहेरचं टोक बादलीत सोडा आणि तांबूस गढूळपणा जाईपर्यंत आरओचं पाणी फिरवा. हे धुणं टाळलं तर ती भुकटी थेट प्रवाळांवर बसते. प्रवाह इतकाच ठेवा की वरचे दाणे जेमतेम हलतील. जोर जास्त झाला तर दाणे एकमेकांवर घासून त्यांचा चुरा होतो, कमी पडला तर गठ्ठा होऊन पाणी एकाच वाटेने निसटतं.

बदलायची वेळ कॅलेंडर सांगत नाही. रिअ‍ॅक्टरमधून येणारं पाणी आणि टाकीतलं पाणी, दोन्ही तपासा. आकडा सारखाच आला तर दाण्यांची फॉस्फेट धरायची क्षमता संपली. मीटर फॉस्फेटऐवजी फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) दाखवत असेल तर आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागा: २० पीपीबी म्हणजे सुमारे ०.०६ मिलिग्रॅम फॉस्फेट. (हा हिशेब विसरला की मीटरचा आकडा मोठा वाटतो आणि आधीच उपाशी असलेल्या टाकीत आणखी दाणे ओतले जातात.)

दाणे टाकून आठवडा झाला तरी आकडा हलत नाही, तेव्हा दगडांकडे बघा. कॅल्शियम कार्बोनेटचे दगड आणि वाळू वर्षानुवर्षं फॉस्फेट धरून ठेवतात. पाण्यातलं कमी झालं की साठ्यातलं सुटतं. म्हणून पहिले दाणे लवकर संपतात. डोस दुप्पट करू नका, तेवढेच दाणे पुन्हा भरा. शिवाय गाळणीचा कापूस दर ३ दिवसांनी बदला, नाहीतर अडकलेलं खाद्य तिथेच कुजून विरघळतं.