पान्हा चोरणारी म्हैस आणि पहिलटकरीण

धार काढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की कासेत दूध असलं म्हणून ते चरवीत येतंच असं नाही. आधी पारडू सोडावं लागतं, कास धुवावी लागते. धारेला अनोळखी माणूस बसला की म्हैस पान्हा चोरते. दूध आटलेलं नसतं, अडलेलं असतं.

हे शहाणपण पहिलटकरणीच्या खोलीत शिरताना आपण बाहेरच ठेवतो. बाळंतपणाची तिसरी रात्र, बाळ रडतंय, भोवती चार माणसं, आणि कुणीतरी विचारतंच, "पुरतंय ना गं दूध? की वरचं सुरू करायचं?"

प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दूध तयार करतं, ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलतं. बाळ ओढू लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, दूधग्रंथींभोवतीचे बारीक स्नायू आवळतात आणि पान्हा फुटतो. कधी बाळाचं नुसतं रडणं कानावर पडलं तरी पुरतं. उलट वेदना, भीती, संकोच त्याला अडवतात.

१९४८ साली अमेरिकेत नाइल्स आणि मायकेल न्यूटन या जोडप्याने हे मोजून दाखवलं. प्रयोग एकाच आईवरचा, आणि जरा आडदांडच. पाजताना तिचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवायचे, अंगठा दुखेल असा ओढायचा, गणितं घालायची. एरवी बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळायचं, या छळात ९९. छळ तोच ठेवून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तर १५३! म्हणजे दूध होतंच.

त्या तिसऱ्या रात्रीचं अजून एक. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गरोदरपणात दूध रोखून धरणारं संप्रेरक, उतरतं, मग दूध भरून यायला दोन ते चार दिवस जातात. पहिल्या खेपेला किंवा सिझेरियननंतर कधी थोडे जास्तच. तोवर येतो तो चीक, एका वेळी चमचा-दीड चमचा. पहिल्या दिवशी बाळाची गरजही तेवढीच. (गाईच्या चिकाचा खरवस आपण मिटक्या मारत खातो, आईचा चीक मात्र पिळून टाकणारी घरं अजून आहेत.) घाईने बाटली दिली की बाळ कमी ओढतं, आणि जितकं कमी ओढलं जाईल तितकं कमी तयार होतं. अळिवाची खीर हवी तर आवडीने खावी, पण दूध वाढवतं ते वरचेवर पाजणं.

पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. लंगोट मोजावेत: पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी ओले हवेत. सुरुवातीला वजन थोडं उतरतं, दोनेक आठवड्यांत भरून येतं. तसं झालं नाही, किंवा बाळ मलूल दिसलं, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं. पाजताना कळ येत असेल तर दात-ओठ खात सोसण्यात अर्थ नाही. बहुतेकदा बाळाने नुसतं स्तनाग्र पकडलेलं असतं. भोवतीचा काळसर भागही तोंडात जायला हवा. अनुभवी नर्सने एकदा शेजारी बसून दाखवलं तरी पुष्कळदा काम होतं.

आणि बाळ बघायला आलेल्यांचा चहा बाहेरच्या खोलीत द्यावा.