उन्हाची लाट आणि शेजारच्या दोन वस्त्या

१३ जुलै १९९५ रोजी शिकागोमध्ये पारा १०६ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ४१ अंश सेल्सिअसवर गेला. विदर्भातल्या वाचकाला हा आकडा मे महिन्यातला नेहमीचाच वाटेल. परंतु सरोवराकाठच्या त्या शहरात हवा अतिशय दमट होती, रात्रीही गारवा येत नव्हता आणि विटांची जुनी घरे भट्टीसारखी तापत गेली. आठवडाभरात एरवीपेक्षा ७३९ माणसे अधिक दगावली. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते, आणि त्यांतले कितीतरी जण गरीब व एकटे राहणारे होते.

वाढत्या वयात घाम कमी येतो, तहान लागल्याचे उशिरा कळते आणि काही औषधांमुळे शरीर थंड ठेवणारी यंत्रणा आणखी मंदावते. त्याहून घातक गोष्ट अशी की उष्माघातात भान हरपू लागते, त्यामुळे आपण संकटात आहोत हे त्या व्यक्तीच्या स्वतःच्याच लक्षात येत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील संशोधकांनी ३३९ मृतांची तुलना त्याच परिसरांत वाचलेल्या लोकांशी केली, तेव्हा एकटे राहणाऱ्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना आणि रोज घराबाहेर न पडणाऱ्यांना धोका कितीतरी अधिक असल्याचे आढळले. चालू स्थितीतला एसी सर्वांत उपयोगी ठरला, हे खरे. पण तो गरिबांकडे असतोच कुठे?

समाजशास्त्रज्ञ एरिक क्लाइननबर्ग यांनी याच शहरातील दोन लगतच्या वस्त्या अभ्यासल्या. दोन्हीकडे गरिबी होती आणि एकटे राहणारे वृद्धही होते. तरी नॉर्थ लॉनडेलमध्ये उष्म्याने १९ जण गेले, तर साउथ लॉनडेलमध्ये ३. लोकसंख्येच्या प्रमाणात हा फरक सुमारे दहापट होता. पहिल्या वस्तीतले मोठे कारखाने बंद पडून निम्म्याहून अधिक लोक निघून गेले होते. ओस पडलेली घरे, बंद दुकाने आणि गुन्हेगारीची भीती यांमुळे म्हातारी माणसे कडी लावून आत बसत. दुसरीकडे दुकाने, चर्च आणि पदपथ गजबजलेले होते, त्यामुळे भाजी आणण्याच्या निमित्ताने का होईना, वृद्ध रोज कोणाच्या तरी नजरेला पडत. पारावर नेहमी येणारे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत की कोणीतरी त्यांचे दार वाजवते, तसाच हा प्रकार.

साउथ लॉनडेलमध्ये लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक अधिक, म्हणून त्यांच्या कुटुंबवत्सल संस्कृतीला श्रेय द्यावेसे वाटते. पण शिकागोतलीच ऑबर्न ग्रेशम ही नॉर्थ लॉनडेलसारखीच कृष्णवर्णीयांची, तरीही गजबज टिकून राहिलेली वस्तीदेखील फारशी होरपळली नाही. म्हणजे फरक वंशाचा नसून रस्त्याचा होता, असेच म्हणावे लागते.

वृद्ध स्त्रियांची संख्या आणि त्यांच्यातले एकटे राहण्याचे प्रमाण अधिक असूनही मृतांमध्ये पुरुषांचे प्रमाण जास्त होते. क्लाइननबर्ग यांच्या मते नाती जपण्याचे काम आयुष्यभर बायकांनी केलेले असते, आणि नोकरी व पत्नी गेली की पुरुषाचा गोतावळाही विरतो. माझ्या मते गरिबीत याला आणखी एक पदर असतो: तिथला आधार हातउसन्यासारखा देवघेवीवर चालतो, आणि परतफेड करणे जमेनासे झाले की स्वाभिमानी माणूस आपणहून मागणे सोडतो.

१९९९ मध्ये पुन्हा तशी लाट आली, तेव्हा पालिकेने एकट्या वृद्धांना दूरध्वनी करण्यासाठी आणि प्रत्यक्ष घरी जाऊन पाहण्यासाठी माणसे नेमली. त्या वेळी मृत्यूही झाले, पण १९९५ च्या मानाने बरेच कमी.